डिप्लॉयर : ॲप्लिकेशन सर्व्हरच्या इतिहासातील एका भूमिकेचे स्थित्यंतर

एंटरप्राइज जावाबीन्स या पद्धतीचा पहिला विनिर्देश सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. आज्ञावली लिहिली जाण्यापासून तिच्या रोजच्या देखभालीपर्यंतच्या कामाची त्यात सहा भूमिकांत वाटणी केलेली आहे : बीन लिहिणारा, तयार बीन्स जुळवून त्यांतून एक अनुप्रयोग रचणारा, तो अनुप्रयोग विशिष्ट ठिकाणी उभा करणारा, बीन्सना सांभाळणारा कंटेनर पुरविणारा, त्याखालचा सर्व्हर पुरविणारा आणि शेवटी सर्व व्यवस्थेवर देखरेख ठेवणारा प्रशासक. यांपैकी तिसऱ्या इसमास विनिर्देशाने ‘डिप्लॉयर’ असे नाव दिले. हा इसम म्हणजे हाडामांसाचा माणूस होता, हे आज मुद्दाम सांगावे लागते. कारण पुढील तीन-चार वर्षांतच त्याच शब्दाने सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या एका आज्ञावलीचा निर्देश होऊ लागला. शब्द तोच राहिला, त्याचा वाच्यार्थ मात्र माणसावरून यंत्रणेवर सरकला. सर्व्हरमध्ये मॉड्यूलांची स्थापना कशी व्हावी आणि त्यांचा प्रारंभ कोणत्या क्रमाने व्हावा, या प्रश्नाचा इतिहास बव्हंशी या सरकण्याचाच इतिहास होय. त्या माणसाजवळ जे ज्ञान होते त्यातले यंत्रणेत नेमके किती उतरले, हा त्यातला विचारणीय मुद्दा आहे.

हे ज्ञान कशाचे, ते प्रथम पाहिले पाहिजे. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे अनेक अनुप्रयोगांना आपल्या एकाच प्रक्रियेत आश्रय देणारी आणि डेटाबेस-जोडण्या, व्यवहारांची हमी, संदेशवहन, ओळखपडताळणी इत्यादी सामाईक सेवा त्यांना पुरविणारी आज्ञावली. आलेले मॉड्यूल हिशेबाचे असेल तर त्याला हिशेबाचा डेटाबेस हवा. तो डेटाबेस या ठिकाणी कोणत्या यंत्रावर, कोणत्या नावाने आहे, हे मॉड्यूल लिहिणारास ठाऊक नसते. शिवाय डेटाबेसची जोडणी तयार होण्यापूर्वी मॉड्यूल सुरू झाले तर ते पहिल्याच पावलावर कोसळते. म्हणजे जागेचे ज्ञान आणि क्रमाचे ज्ञान अशी ही दुहेरी शिदोरी होती. जावाच्या आधीच्या जगातही ती कोणा ना कोणाजवळ असेच. आय. बी. एम. च्या सी. आय. सी. एस. या व्यवहारप्रणालीत (१९६९) कोणता व्यवहार कोणत्या आज्ञावलीने चालवावयाचा आणि कोणत्या आज्ञावल्या प्रणालीस ज्ञात आहेत, याची कोष्टके सिस्टिम प्रोग्रॅमर स्वतः भरीत असे. पुढील काळात एखादी आज्ञावली सुधारली म्हणजे चालू प्रणालीस ‘नवी प्रत घे’ अशी आज्ञा देण्याची सोय तीत होती. चालते गाडे न थांबविता चाक बदलण्याची ही आकांक्षा जावाने प्रथम निर्माण केली, असा जो समज आढळतो तो म्हणूनच खरा नाही.

जावाच्या विनिर्देशकारांनी नवे जे केले ते असे, की या ज्ञानाची दोन भागांत फाळणी करून त्यातला एक भाग त्यांनी मॉड्यूलबरोबर कागदावर पाठविण्याचे ठरविले. हा कागद म्हणजे ‘डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर’, अर्थात स्थापनेचे वर्णनपत्र. १९९८ च्या पहिल्या आवृत्तीत ते माणसाला वाचता न येणाऱ्या, गोठविलेल्या जावा-ऑब्जेक्टच्या रूपात होते. १९९९ मधील १.१ या आवृत्तीत त्याची जागा एक्सएमएलच्या साध्या मजकुराने घेतली. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल परिणामी मोठा ठरला. वर्णनपत्र वाचता येऊ लागले, म्हणून त्यावर वाद घालता येऊ लागला आणि ते हाताने दुरुस्त करता येऊ लागले. डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई १.२ हा एकत्रित विनिर्देश आला. बीन्ससाठी ‘जार’, वेबच्या घटकांसाठी ‘वॉर’ आणि या सर्वांना पोटात घेणारा ‘इअर’ अशी संग्रहांची उतरंड त्यावेळी पक्की झाली. वर्णनपत्रात मॉड्यूलने आपली गरज एका कल्पित नावाने सांगावी, आणि त्या नावाची गाठ खऱ्या डेटाबेसशी डिप्लॉयरने मारून द्यावी, असा संकेत होता. ही गाठ कशी मारावयाची ते मात्र प्रत्येक सर्व्हरकर्त्याने आपापल्या निराळ्या वर्णनपत्रात ठरविले. त्यामुळे डिप्लॉयर हा वास्तविक एकेका कंपनीच्या सर्व्हरचा डिप्लॉयर होऊन बसला.

त्याचे दिवसभराचे काम त्या काळात बरेच कष्टाचे होते. बहुतेक सर्व्हरांत मॉड्यूल आणि कंटेनर यांच्यामधले दुवे म्हणून काम करणारे क्लास वेगळ्या साधनाने आधी निर्माण करून, कंपाइल करून, मग सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. १९९९ मध्ये मार्क फ्लरी यांनी आरंभिलेल्या, ईजेबॉस या नावाने जन्मलेल्या आणि लवकरच जेबॉस झालेल्या मुक्तस्रोत सर्व्हराने ही प्रथा मोडली. २००० साली आलेल्या जावाच्या १.३ या आवृत्तीत चालू प्रक्रियेतच मध्यस्थ क्लास घडविण्याची सोय होती. रिकार्ड ओबेर्ग यांच्या रचनेने तिचा उपयोग करून घेतला. आगाऊ दुवे घडविण्याची पायरी त्यामुळे गळाली, आणि स्थापनेची क्रिया इतकीच उरली : संग्रह उचलावा आणि ‘डिप्लॉय’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा. त्या फोल्डरवर पहारा ठेवणारा एक घटक ठराविक काळाने, पुढील आवृत्त्यांत मुळात ठरवून दिल्याप्रमाणे पाच सेकंदांनी, फेरी मारी आणि नवे काही आढळल्यास त्याची स्थापना करी. फाइल काढून घेतली की विसर्जन. सुलभतेची ही कमाल होती. परंतु मोठी फाइल फोल्डरमध्ये उतरत असतानाच पहारेकऱ्याची फेरी आली तर तो अर्धवट संग्रह उघडी आणि स्थापना फसे. माणूस असता तर प्रत पूर्ण होईपर्यंत थांबला असता. डिप्लॉयरजवळचे पहिले ज्ञान, म्हणजे ‘आता झाले, आता सुरू करा’ हा इशारा, येथे हरवला. तो परत मिळण्यास दशकभर लागले.

जेबॉसच्या अंतरंगाची बैठक जेएमएक्स या व्यवस्थापनविषयक विनिर्देशावर होती. फ्लरी आणि साओ पाउलो विद्यापीठाचे फ्रान्सिस्को रेव्हर्बेल यांनी २००३ मध्ये रिओ दि जानेरो येथील ‘मिडलवेअर’ परिषदेत मांडलेल्या निबंधात तिचे विवेचन आहे. मध्यभागी एक लहानसा गाभा. बाकी सर्व काही, वेब-सर्व्हरापासून व्यवहार-व्यवस्थापकापर्यंत, त्या गाभ्यास जोडलेल्या ‘एमबीन’ नामक सेवा. प्रत्येक सेवेस निर्मिती, प्रारंभ, विराम आणि नाश अशा चार अवस्था. निरनिराळ्या जातींचे संग्रह ओळखून त्यांची स्थापना करणारे घटकही याच सेवांपैकी होते आणि त्यांचे नाव डिप्लॉयर. एक मुख्य डिप्लॉयर आलेला संग्रह एकेकापुढे धरून ‘हा तुझा का?’ असे विचारी, आणि जो होय म्हणेल त्याच्या स्वाधीन करी. १९९८ च्या विनिर्देशातील माणूस २००२ च्या जेबॉस ३ मध्ये अशा रीतीने एका मंडळात रूपांतरित झालेला दिसतो.

क्रमाचे काय? येथे दोन उपाय शेजारी शेजारी नांदत होते, आणि त्यांचे स्वरूप परस्परविरोधी होते. पहिला उपाय असा, की सेवेच्या वर्णनपत्रातच ‘अमुक सेवेवर अवलंबून’ असा उल्लेख करावयाचा. अवलंबनाची सेवा सुरू होईपर्यंत नियंत्रक तिला तिष्ठत ठेवी. दुसरा उपाय संग्रहाच्या शेवटच्या अक्षरांवरून अनुक्रमांक देण्याचा. जेबॉस ४ च्या मालिकेत रिसोर्स ॲडॅप्टरच्या ‘रार’ संग्रहास २५०, डेटासोर्सच्या वर्णनपत्रास ३००, ‘वॉर’ला ५०० आणि ‘इअर’ला ६५० असे अंक नेमलेले होते, आणि लहान अंक आधी असा नियम होता. अंकांमधील मोकळ्या जागा बोलक्या आहेत. बेसिक भाषेत ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक देत, ते पुढे मध्येच एखादी ओळ घुसवावी लागेल या धास्तीने. येथेही तीच धास्ती. पहिल्या उपायात क्रम हा कारणांपासून निष्पन्न होतो. दुसऱ्यात कारणे गायब असून केवळ निष्कर्ष शिल्लक आहे : डेटाबेसची जोडणी वेबच्या आधी हवी, हे कोणा अनुभवी माणसास ठाऊक होते आणि त्याने तो अनुभव एका अंकात पुरून ठेवला. आता वेबच्या मॉड्यूलला डेटाबेस लागतच नसेल, किंवा एका वॉरला दुसरे वॉर आधी हवे असेल, तर अंकाजवळ उत्तर नाही. मग फाइलींच्या नावांपूर्वी ‘०१’, ‘०२’ असे आकडे जोडण्याची युक्ती निघे, आणि घालवून दिलेला माणूस मागील दाराने परत येई.

याच्या बरोबरीने एक दुसरी अडचण वाढत होती. तिचे मूळ अधिक खोल, जावा भाषेच्याच पायात होते. जावात एखाद्या क्लासची ओळख केवळ नावाने होत नाही. नाव आणि त्याची व्याख्या करणारा क्लासलोडर अशी ती जोडओळख आहे. ही गोष्ट आरंभी पुरती उमगलेली नव्हती. भिन्न लोडरांनी आणलेले समान नावाचे क्लास एकच समजले गेल्याने भाषेची प्रकारसुरक्षा ढासळते, हे विजय सारस्वत यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, आणि शेंग लियांग व गिलाड ब्राखा यांनी १९९८ च्या ऊप्स्ला परिषदेत त्यावरील उपाययोजना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. सर्व्हरकर्त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा झाला, की दोन मॉड्यूलांना भिन्न लोडर द्यावेत तर एकाने दिलेली वस्तू दुसरा ‘ही माझ्या जातीची नव्हे’ म्हणून नाकारतो, आणि एकच लोडर द्यावा तर एकाचे विसर्जन करताना दुसऱ्यास धक्का लागतो. जेबॉस ३ ने मधली वाट काढली. लोडर अनेक ठेवले, परंतु त्या सर्वांचे क्लास एकाच सामाईक भांडारात दिसतील असे केले. मॉड्यूलांची आपसांतील बोलाचाली त्यामुळे स्वस्त झाली. परंतु एकाच ग्रंथालयाच्या दोन भिन्न आवृत्त्या वापरणारे दोन अनुप्रयोग एका भांडारात सुखाने राहीनात, आणि निरनिराळ्या धाग्यांनी परस्परांचे लोडर अडवून धरण्याचे प्रसंग टाळण्यासाठी फार गुंतागुंतीची व्यवस्था करावी लागली. कारण जावाचे आभासी यंत्र त्या काळी क्लास आणताना लोडरवर स्वतःच कुलूप घालीत असे. समांतर चालू शकणाऱ्या लोडरांची सोय भाषेत आली ती जुलै २०११ मध्ये, सातव्या आवृत्तीबरोबर.

मराठी माणसास स्थापना आणि विसर्जन ही जोडी नव्याने सांगावयास नको. सर्व्हरमध्ये मात्र मूर्ती पाण्यात सोडली तरी ती विरघळेलच असे नव्हते. लोडरने आणलेला एकही क्लास, एकही वस्तू कोठून तरी धरून ठेवलेली असेल तर संपूर्ण लोडर आणि त्याचे सर्व क्लास स्मृतीत तसेच राहतात. अनुप्रयोगाने जेडीबीसीच्या सामाईक नोंदवहीत आपला ड्रायव्हर नोंदविला आणि जाताना काढला नाही, किंवा सर्व्हरच्या दीर्घायुषी धाग्यावर आपली एखादी वस्तू टांगून ठेवली, एवढ्याने हे घडते. आठ-दहा वेळा स्थापना-विसर्जन केले की क्लाससाठी राखलेला ‘पर्मनंट जनरेशन’ हा स्मृतिभाग भरून जाई आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर उरत नसे. हा स्मृतिभाग २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत रद्द झाला. गळती मात्र त्याने थांबली नाही, तिची जागा तेवढी बदलली. टॉमकॅटकर्त्यांनी २०१० मधील ६.०.२४ या आवृत्तीत अशी गळती हुडकणारी व काही अंशी बुजविणारी यंत्रणा घातली. ती वाचताना कोणास वैद्यकाच्या ग्रंथातील रोगलक्षणांची आठवण व्हावी, इतके गळतीचे प्रकार तीत नोंदलेले आहेत. वस्तुतः चालू सर्व्हरमध्ये मॉड्यूल बदलण्याच्या आश्वासनापैकी अर्धे, म्हणजे विसर्जनाचे, कोणत्याच सर्व्हरास निरपवादपणे पाळता आले नाही.

या दोन्ही प्रश्नांवर एक उत्तर भलत्याच क्षेत्रात तयार होत होते. घरगुती उपकरणांना जोडणाऱ्या पेटीतील आज्ञावल्या दुरून बदलता याव्यात या हेतूने मार्च १९९९ मध्ये ओएसजीआय अलायन्स ही संस्था निघाली. तिच्या विनिर्देशात प्रत्येक मॉड्यूल आपण कोणती पॅकेजे घेतो व कोणती देतो हे आवृत्तींसह जाहीर करते, आणि चौकट त्यांच्या गाठी जुळविते. भांडार सामाईक नसून जाहीर केलेले तेवढेच दिसते. २००४ मध्ये एक्लिप्सने, २००६ मध्ये वेबस्फिअर ६.१ ने आपल्या अंतर्रचनेसाठी आणि डिसेंबर २००९ मध्ये ग्लासफिश ३ ने हा पाया स्वीकारला. परंतु पॅकेजांच्या गाठी जुळल्या म्हणजे सेवा तयार झाल्या असे नव्हे, आणि म्हणून या चौकटीतही ‘स्टार्ट लेव्हल’ नावाचे प्रारंभाचे अंक आहेतच. कारणांची इतकी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या पद्धतीतही अंकांचा आश्रय सुटला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान मे २००६ मध्ये आलेल्या जावा ईई ५ ने स्थापनेच्या प्रश्नास वेगळीच कलाटणी दिली. वर्णनपत्र ऐच्छिक झाले आणि त्यातील मजकूर टिपांच्या, म्हणजे ॲनोटेशनांच्या, रूपाने क्लासच्या आतच लिहिण्याची मुभा मिळाली. लेखकांना हे फार सोयीचे होते. यंत्रणेस मात्र आता पत्र वाचून भागेना. टिपा कोठे आहेत हे कळण्यासाठी संग्रहातील क्लास एकूण एक धुंडाळावे लागू लागले. जेबॉस ५ या सुमारास घडत होता. त्यात जेएमएक्सच्या जागी मायक्रोकंटेनर आला, आणि डिप्लॉयरांच्या मंडळाची फेररचना होऊन काम टप्प्यांत विभागले गेले : आधी वाचन, मग गरजांचे वर्णन, मग क्लासलोडर, आणि शेवटी प्रत्यक्ष उभारणी. विचार निःसंशय उत्तम होता. एका संग्रहाकडे अनेक डिप्लॉयर आपापल्या टप्प्यावर पाहू शकत, आणि एकानेच सर्व गिळण्याची जुनी रीत संपली. परंतु पूर्ण आवृत्ती निघण्यास डिसेंबर २००८ उजाडला, आणि सर्व्हर सुरू होण्यास लागणारा वेळ ही नित्याची तक्रार होऊन बसली. यातील बराचसा भार प्रत्येक घटकास अनेक अवस्थांतून एकामागून एक चालविण्याचा होता.

जुलै २०११ मधील जेबॉस ७ हे या इतिहासातील सर्वांत धीट पाऊल होय. डेव्हिड लॉइड यांनी रचलेला सेवा-गाभा त्याच्या केंद्रस्थानी होता. सेवांचे अवलंबन हा त्यात क्रम ठरविण्याचा एकमेव मार्ग. ज्या दोन सेवांत अवलंबन नाही त्या निरनिराळ्या धाग्यांवर एकाच वेळी सुरू होतात. काही सेवा सदैव चालू राहू पाहतात, काही कोणी मागितल्या तरच जाग्या होतात, काही अवलंबने पुरी झाली तर उठतात. प्रारंभ फसणे हीदेखील सेवेची एक रीतसर अवस्था मानली गेली. पूर्वी एका घटकाच्या अपयशाने अपवाद फेकला जाऊन पुढची रांग विस्कटे. आता फसलेली सेवा फसली असे नोंदले जाते, तिच्यावर विसंबलेल्या तेवढ्या थांबतात, आणि कशावाचून काय अडले याची यादी प्रशासकापुढे येते. जुन्या डिप्लॉयरला सर्वांत अधिक वेळ लागे तो हे निदान करण्यास. क्लासलोडरांची सामाईक भांडारे जाऊन त्यांच्या जागी आपापल्या गरजा जाहीर करणारी मॉड्यूले आली. टिपा शोधण्यासाठी क्लास प्रत्यक्ष न आणता त्यांच्या फाइलींतून सूची काढणारे ‘जँडेक्स’ हे साधन आले. फोल्डरचा पहारेकरी राहिला, परंतु संग्रहाशेजारी खुणेची एक रिकामी फाइल ठेवून ‘आता सुरू कर’ असे सांगण्याची सोय झाली, आणि सर्व्हरही आपले उत्तर तशाच खुणेने देऊ लागला : झाले, चालू आहे, फसले. हरवलेला इशारा असा परत मिळाला. साधारण यंत्रावर सर्व्हर काही सेकंदांत उभा राहू लागला.

तथापि या सर्व्हराचा स्रोत उघडून पाहिल्यास एक गंमत दृष्टोत्पत्तीस येते. संग्रहाचे मॉड्यूल होण्याची क्रिया रचना, वाचन, अवलंबन, मॉड्यूल-जुळणी, उभारणी, साफसफाई अशा टप्प्यांतून जाते, आणि प्रत्येक टप्प्यात काम करणाऱ्या प्रक्रियाकांचा क्रम अंकांनी नेमलेला आहे. अंक षोडशमान पद्धतीचे आहेत आणि मध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या आहेत. जेबॉस ४ चे २५० व ३०० गेले असे वाटत असता ते नव्या वेषात उभे! फरक नाही असे नव्हे. तेथे अंक मॉड्यूलांना होते, येथे ते मॉड्यूलांचा अर्थ लावणाऱ्यांना आहेत. तेथे सर्व्हर वापरणाऱ्यास त्यांच्याशी झुंजावे लागे, येथे ते सर्व्हरकर्त्यांच्या घरातच राहतात. वेबचे वर्णनपत्र आधी वाचावे की टिपा, या प्रश्नास अवलंबनाचे उत्तर देता येत नाही. तो विनिर्देश कसा समजून घ्यावयाचा याचा निर्णय आहे, आणि असा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. माणूस यंत्रणेतून गेला, असे जे म्हटले जाते त्यात तथ्य इतकेच, की तो कार्यस्थळावरून निघून सर्व्हर लिहिणाऱ्यांच्या खोलीत जाऊन बसला.

स्थापनेच्या कामाचे प्रमाणीकरण करण्याचा एक स्वतंत्र प्रयत्नही झाला होता. जे-टू-ईई १.४ (२००३) मध्ये समाविष्ट झालेल्या जेएसआर ८८ चा हेतू असा, की कोणत्याही साधनाने कोणत्याही सर्व्हरात मॉड्यूल स्थापिता यावे. तो फारसा कोणी उचलला नाही आणि जावा ईई ७ (२०१३) मध्ये ऐच्छिक ठरला. त्यातून प्रमाणित झाली ती फक्त साधनाची भाषा; स्थळाचे ज्ञान प्रत्येक सर्व्हराच्या स्वतःच्या वर्णनपत्रातच राहिले होते. खुद्द जावा भाषेत मॉड्यूल आणण्याचा प्रश्न तर २००५ पासून रेंगाळत होता. मे २०१७ मध्ये त्याच्या प्रस्तावावर कार्यकारी समितीत १० विरुद्ध १३ असे प्रतिकूल मतदान झाले. विरोध करणाऱ्यांत ॲप्लिकेशन सर्व्हर घडविणारी रेड हॅट व आय. बी. एम. ही दोन्ही घराणी होती, हे मागील हकीकत पाहता अनपेक्षित नव्हे. दुरुस्त प्रस्ताव जूनमध्ये संमत होऊन सप्टेंबरमध्ये जावा ९ प्रसिद्ध झाले.

तोवर वादाचे मैदानच ओस पडू लागले होते. २०१३ मध्ये डॉकर आणि २०१४ मध्ये स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली. अनुप्रयोग सर्व्हरात बसविण्याऐवजी सर्व्हरच अनुप्रयोगाच्या पोटात बसविण्याची रीत रूढ झाली. विसर्जन म्हणजे आता संपूर्ण प्रक्रिया मारून टाकणे. गळणारा लोडर तिच्याबरोबरच जातो. वीस वर्षे न सुटलेला प्रश्न येथे सोडविला गेला नाही, विचारणेच बंद झाले. क्रमाचा प्रश्न मात्र प्रक्रियेबाहेर पडून यंत्रांच्या समूहात जाऊन उभा राहिला. तेथे कुबरनेटीससारखी व्यवस्था (पहिली आवृत्ती, जुलै २०१५) निरनिराळ्या सेवांच्या प्रारंभक्रमाची हमी मुळातच देत नाही; ज्याला डेटाबेस हवा त्याने तो मिळेपर्यंत पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहावे, अशी तिची अपेक्षा असते.

जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊन जकार्ता ईई झाले. त्याच्या २०१९ च्या विनिर्देशातही भूमिकांची जुनी यादी आहे, आणि विशिष्ट कार्यस्थळाची जाण असलेला, मॉड्यूलाच्या कल्पित नावांच्या गाठी खऱ्या साधनांशी मारून देणारा डिप्लॉयर नावाचा माणूस तीत आपल्या जागी कायम आहे.